सर्व्हरवर कोण, कुठून आणि कोणत्या चावीने आलं: युनिक्सवरच्या रिमोट लॉगिनचा माग

सर्व्हरवर आत्ता कोण आहे असं कोणी विचारलं की बोटं आपोआप ‘हू’ टाइप करतात. दोन नावं दिसतात, दोन्ही ओळखीची असतात आणि विषय तिथेच मिटतो. पण ‘हू’ने जे दाखवलं नाही ते सर्व्हरवर नाही, असा अर्थ त्यातून निघत नाही. युनिक्स लॉगिनची नोंद तीन-चार वेगवेगळ्या ठिकाणी ठेवतं. प्रत्येक ठिकाणी प्रश्नाचा वेगळा तुकडा असतो आणि खरी माहिती मिळते ती हे तुकडे एकमेकांशी जुळतात की नाही हे पाहून. म्हणून इथे कमांडची यादी कमी आणि कोणती नोंद कशाशी ताडून पाहायची हे जास्त आहे.

एक सूचना आधीच. कमांड, फाइल आणि पर्याय खाली उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलवर ते नेहमीच्या रोमन अक्षरांतच टाइप करायचे. पर्यायाचं अक्षर मोठं असेल तिथे तसं सांगितलं आहे. उदाहरणं मुख्यतः लिनक्स आणि ओपनएसएसएचची आहेत (एसएसएच म्हणजे दूरच्या सर्व्हरवर सुरक्षित लॉगिन करायची पद्धत, ओपनएसएसएच हे त्याचं नेहमीचं सॉफ्टवेअर), कारण काम बहुतेक तिथेच पडतं.

आत्ता आत कोण आहे

‘हू’ आणि ‘डब्ल्यू’ या दोन्ही कमांड पारंपरिक लिनक्सवर /रन/यूटीएमपी ही छोटी बायनरी फाइल वाचतात. ‘डब्ल्यू’ जास्त कामाची: कोण कुठून आलं, किती वेळ कीबोर्डला हात लावला नाही आणि सध्या काय चालू आहे, हे ती एका ओळीत सांगते. पहाटेपासून शांत पडून असलेलं रूटचं, म्हणजे सर्व अधिकार असलेल्या खात्याचं, सेशन दिसलं तर कोणीतरी टर्मिनल उघडं टाकून गेलंय, हे लगेच कळतं.

आता एक प्रयोग करा. आपल्या मशीनवरून सर्व्हरला एसएसएच करताना ‘-टी’ हा पर्याय द्या, टी मोठा. मोठ्या टीने सर्व्हरला सांगितलं जातं की मला टर्मिनल नको. प्रॉम्प्ट येणार नाही, पण शेल मिळेल. ‘आयडी’ किंवा ‘एलएस’ टाइप केलं की उत्तर येतं. आता दुसऱ्या खिडकीतून नेहमीसारखं लॉगिन करा आणि ‘हू’ चालवा. पहिलं सेशन यादीत नसतं. ‘लास्ट’मध्येही नसतं.

यात बिघाड काही नाही. ओपनएसएसएच यूटीएमपी आणि डब्ल्यूटीएमपीत (लॉगिनचा इतिहास ठेवणारी फाइल) नोंद करतं ती टर्मिनल दिलं तरच. एसएफटीपी, एससीपी, आरसिंक या फाइली ने-आण करायच्या वाटा, ‘एसएसएच सर्व्हर कमांड’ असं एका ओळीत पाठवलेलं काम, निव्वळ पोर्ट फॉरवर्डिंगसाठी धरून ठेवलेलं कनेक्शन, हे सगळं त्या यादीबाहेर राहतं. सर्व्हरवरचा सगळा डेटा कोणी एसएफटीपीने उतरवून घेत असेल तरी ‘हू’ रिकामं दिसू शकतं.

तेव्हा ‘हू’च्या जोडीला आणखी दोन गोष्टी पाहायच्या. पहिली, प्रोसेसची यादी. ‘पीएस -ईएफ’ चालवून त्यात एसएसएचडी, म्हणजे एसएसएचचा सर्व्हरवरचा प्रोग्रॅम, शोधा. टर्मिनलवाल्या सेशनपुढे ‘यूजर@पीटीएस/०’ असं दिसतं, बिनटर्मिनलच्या सेशनपुढे ‘यूजर@नोटीटीवाय’. हा नोटीटीवाय शब्द डोळ्यांना सवयीचा करून घ्या. जुलै २०२४ मध्ये आलेल्या ओपनएसएसएच ९.८ पासून या प्रोसेसचं नाव ‘एसएसएचडी-सेशन’ झालं आहे. त्यामुळे नेमकं ‘एसएसएचडी:’ शोधणाऱ्या जुन्या स्क्रिप्ट नव्या सर्व्हरवर एकही सेशन न सापडता निमूट संपतात, आणि सगळं आलबेल आहे असा गैरसमज होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे नेटवर्क. ‘एसएस -टीएनपी’ रूट म्हणून चालवलं की जोडलेली टीसीपी कनेक्शन, त्यांचे आयपी आणि प्रोसेस क्रमांक मिळतात. सिस्टमडी (लिनक्सवरच्या सेवा आणि सेशन सांभाळणारी व्यवस्था) असेल तर ‘लॉगिनसीटीएल लिस्ट-सेशन्स’ही चालवा. ते सेशन पॅमच्या (लॉगिनची तपासणी आणि सेशनची उघडझाप पाहणारी यंत्रणा) वाटेने मोजतं, म्हणून बिनटर्मिनलची मंडळीही त्यात सापडतात. ‘लॉगिनसीटीएल सेशन-स्टेटस’ला सेशन क्रमांक दिला की त्या सेशनमधल्या सगळ्या प्रोसेसचं झाड समोर येतं. हाताशी एकच कमांड ठेवायची असेल तर मी ‘हू’ सोडून हीच ठेवीन.

आधी कोण येऊन गेलं

‘लास्ट’ वाचतं /व्हार/लॉग/डब्ल्यूटीएमपी. साध्या ‘लास्ट’मध्ये साल दिसत नाही आणि होस्टचं नाव कापलं जातं, ‘-एफ’, एफ मोठा, दिला की पूर्ण तारीख येते आणि ‘-आय’ दिला की आयपी आकड्यांत येतो. शेवटच्या रकान्यात ‘क्रॅश’ असेल तर लॉगआउटची नोंद होण्याआधीच मशीन बंद पडलं किंवा पुन्हा चालू झालं. ‘लास्ट रीबूट’ हा वेगळा वापर लक्षात ठेवा: कोणी न सांगता सर्व्हर रीबूट केला का, ते तिथे दिसतं.

ही फाइल कायमची नसते. लिनक्सच्या अनेक वितरणांत लॉगरोटेट हा प्रोग्रॅम दर महिन्याला ती बाजूला ठेवून नवी सुरू करतो आणि एकच जुनी प्रत ठेवतो. म्हणजे ‘लास्ट’ने महिन्याच्या २ तारखेला दोनच ओळी दाखवल्या तर घाबरू नका, ‘लास्ट -एफ /व्हार/लॉग/डब्ल्यूटीएमपी.१’ पाहा. इथला एफ लहान. मोठा एफ तारखेसाठी, लहान एफ फाइलसाठी. गोंधळ इथेच होतो.

फसलेले प्रयत्न ‘लास्टबी’ दाखवतं, फाइल बीटीएमपी. ती सर्वसाधारण यूजरला वाचता येत नाही आणि येऊही नये. घाईत माणसं यूजरनेमच्या जागी पासवर्ड टाइप करतात आणि तो तिथे जसाच्या तसा नोंदला जातो. या फाइलची परवानगी कधी सैल करू नका.

‘लास्टलॉग’ प्रत्येक खात्याचं शेवटचं लॉगिन सांगतं. वर्षभर कोणी न वापरलेली खाती बंद करायची असतील तर सुरुवात इथून. त्याची फाइल ‘एलएस’मध्ये कधीकधी कित्येक जीबीची दिसते, ती विरळ फाइल आहे, म्हणजे मधला रिकामा भाग डिस्कवर साठवला जात नाही, डिस्कवर खरी किती जागा घेते ते ‘डीयू’ सांगेल. डिस्क भरली म्हणून ती उडवू नका, काही हाती लागणार नाही.

हे सगळं सध्या बदलतंय. डब्ल्यूटीएमपीत वेळ ३२ बिटांत साठवला जातो आणि २०३८ मध्ये तो आकडा संपतो. म्हणून डेबियन १३ ने ‘लास्ट’, ‘लास्टबी’ आणि ‘लास्टलॉग’ नेहमीच्या पॅकेजांतून काढले. त्याऐवजी डब्ल्यूटीएमपीडीबी आणि लास्टलॉग२ वेगळे बसवावे लागतात. सर्व्हर अपग्रेड केल्यावर ‘लास्ट’ सापडत नसेल तर कारण हे. पॅकेज बसवल्याच्या आधीचा इतिहास त्यात दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. इतर युनिक्सची घरं वेगळी: फ्रीबीएसडीवर /व्हार/लॉग/यूटीएक्स.लॉग, सोलारिसवर /व्हार/एडीएम/डब्ल्यूटीएमपीएक्स, आणि एआयएक्सवर फसलेले प्रयत्न /ईटीसी/सिक्युरिटी/फेल्डलॉगिन मध्ये, जे तिथे ‘हू’लाच फाइल देऊन वाचता येतात.

एसएसएचडीची स्वतःची वही

खरा खजिना इथे आहे. डेबियन-उबुंटूच्या कुळात /व्हार/लॉग/ऑथ.लॉग, रेड हॅटच्या कुळात /व्हार/लॉग/सिक्युअर. डेबियन १२ पासून आरसिसलॉग (लॉग फाइलींत लिहिणारा प्रोग्रॅम) आपोआप बसत नाही, त्यामुळे ऑथ.लॉग नसेलच तर सिस्टमडीची स्वतःची नोंदवही, म्हणजे जर्नल, वाचणारं ‘जर्नलसीटीएल -यू एसएसएच’ वापरा. रेड हॅटवर त्या युनिटचं नाव ‘एसएसएचडी’. /व्हार/लॉग/जर्नल ही डिरेक्टरी आहे का तेही एकदा पाहून घ्या. ती नसेल तर जर्नल बहुधा मेमरीत राहतं आणि रीबूटबरोबर पुसलं जातं.

सवय अशी असते की लोक ‘फेल्ड’ मोजत बसतात. इंटरनेटला उघड्या असलेल्या कोणत्याही सर्व्हरवर अंदाजपंचे पासवर्ड मारणारे बॉट दिवसभर येतच असतात. तो आकडा पाहून भीती वाटते, पण कळत काहीच नाही. माझं मत स्पष्ट आहे: ‘फेल्ड’ बॉटसाठी सोडा, ‘ॲक्सेप्टेड’ ओळ अन् ओळ वाचा. अशी एक ओळ जवळून पाहू:

ॲक्सेप्टेड पब्लिककी फॉर डिप्लॉय फ्रॉम २०३.०.११३.४५ पोर्ट ५१८२२ एसएसएच२: ईडी२५५१९ एसएचए२५६:…

पहिला शब्द निकाल. दुसरा पद्धत: इथे ‘पब्लिककी’, म्हणजे पासवर्डऐवजी चावी, आहे. तुमच्या सर्व्हरवर पासवर्ड लॉगिन बंद केलेलं असताना इथे ‘पासवर्ड’ दिसला तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तेच तपासा. मग खातं आणि आयपी. आयपी म्हणजे माणूस नव्हे. एका आयपीमागे पूर्ण ऑफिस असू शकतं आणि मध्ये जंप होस्ट (आधी ज्या मशीनवर येऊन मग पुढे जायचं ते मशीन) असेल तर प्रत्येक जण त्याच एका पत्त्यावरून आलेला दिसतो. अशा वेळी पोर्टचा क्रमांक कामाला येतो: जंप होस्टवरून कोणत्या क्षणी कोणत्या पोर्टने कनेक्शन बाहेर पडलं ते तिथल्या नोंदीत असेल, तर साखळी जोडता येते. म्हणून लॉगमधून फक्त आयपी उचलून पोर्ट टाकून देऊ नका.

शेवटचा एसएचए२५६ पासूनचा मजकूर हा चावीचा ठसा, आणि तोच सगळ्यात मोलाचा. ‘डिप्लॉय’सारखं खातं पाच जण वापरत असतील तर नेमकं कोण आलं होतं हे सांगणारी एवढी एकच खूण उरते. ती जुळवण्यासाठी ‘एसएसएच-कीजेन -एलएफ’ला त्या खात्याची ऑथराइज्ड_कीज फाइल, म्हणजे परवानगी असलेल्या चाव्यांची यादी, द्या. प्रत्येक चावीचा ठसा आणि शेजारी तिची टिप्पणी छापली जाते. लॉगमधला ठसा या यादीत सापडला की नाव मिळालं, अर्थात चावी टाकताना टिप्पणी नीट लिहिलेली असेल तर. ‘रूट@लोकलहोस्ट’ अशा टिप्पण्यांच्या चार चाव्या पडलेल्या असतील तर आजच प्रत्येकाला विचारून नावं भरून घ्या. प्रसंग आल्यावर तो वेळ मिळत नाही. आणि लॉगमधला ठसा फाइलमध्ये सापडलाच नाही, तर कोणीतरी चावी टाकली, वापरली आणि काढून टाकली. अशी शक्यता दाखवणारी दुसरी सोपी नोंद नाही. अर्थात आधी ऑथराइज्डकीजकमांड (चाव्या फाइलऐवजी एखाद्या कमांडकडून घेणारं सेटिंग) किंवा दुसऱ्या जागेची फाइल सेटिंगमध्ये आहे का ते पाहून घ्या.

ओळीच्या सुरुवातीला चौकटी कंसात प्रोसेस क्रमांक असतो. त्याच क्रमांकावर शोधलं की ‘सेशन ओपन्ड’ आणि ‘सेशन क्लोज्ड’ या पॅमच्या ओळी मिळतात. म्हणजे माणूस किती वेळ आत होता ते कळलं. डिस्कनेक्ट झाल्याची ओळ मात्र बहुधा वेगळ्या क्रमांकाखाली येते, कारण ती यूजरच्या अधिकाराने चालणाऱ्या दुसऱ्या प्रोसेसने लिहिलेली असते. तिथे आयपी आणि पोर्टवरून जुळवा.

आता एसएसएचडीच्या सेटिंगमध्ये ‘लॉगलेव्हल व्हर्बोज’ करा. नेहमीच्या पातळीवर ‘स्टार्टिंग सेशन’ ही ओळ येत नाही. व्हर्बोजवर येते आणि सेशन शेलचं होतं, एका कमांडचं होतं की एसएफटीपीसारख्या सबसिस्टमचं, ते कळतं. कनेक्शन एकच ठेवून त्यावर अनेक शेल उघडणारे लोकही असतात. त्यांचं ‘ॲक्सेप्टेड’ एकदा दिसतं आणि ‘लास्ट’मध्ये तीन ओळी. आकडे जुळत नाहीत म्हणून घाबरण्याआधी ही ओळ पाहा.

बदल करताना काळजी अशी: एक सेशन उघडं ठेवा, फाइल बदला, ‘एसएसएचडी -टी’ने चूक नाही ना ते तपासा, मग रीलोड करा आणि नवीन खिडकीतून लॉगिन होतंय याची खात्री पटल्यावरच जुनं सेशन सोडा. त्याच कमांडला मोठा टी दिला की प्रत्यक्षात लागू असलेली सगळी सेटिंगं छापली जातात. हे करायचं कारण असं की एसएसएचडीत एकाच सेटिंगच्या दोन किमतींपैकी आधी वाचलेली किंमत चालते. एसएसएचडी_कॉन्फिग.डी मधल्या एखाद्या छोट्या फाइलने आधीच काही ठरवलेलं असेल, तर मुख्य फाइलच्या तळाशी तुम्ही लिहिलेल्या ओळीचा काही उपयोग नाही.

फसलेल्या प्रयत्नांचा आयपीवार हिशोब हवाच असेल तर ‘ग्रेप’, ‘ऑक’, ‘सॉर्ट’, ‘यूनिक -सी’ ही साखळी पुरते. तीन खाचखळगे मात्र आहेत. रकाना मोजून आयपी काढू नका: ‘इनव्हॅलिड यूजर’ या दोन शब्दांनी रकाने सरकतात, आणि डेबियन १२ पासून आरसिसलॉग वेळ नव्या धाटणीत लिहितं, त्यानेही सरकतात. दुसरं, ‘मेसेज रिपीटेड’ अशी ओळ आली की ती एक ओळ अनेक प्रयत्नांची असते. तिसरं, यूजरनेम समोरच्याने निवडलेला मजकूर आहे. त्यात ‘फ्रॉम’ आणि खोटा आयपी घालून तुमच्या स्क्रिप्टला फसवता येतं. पॅटर्न ओळीच्या शेवटाकडून बांधा. या सगळ्यातून एकच प्रश्न काढायचा आहे: ज्या आयपीवरून खूप ‘फेल्ड’ आले, त्याच आयपीवरून नंतर एखादा ‘ॲक्सेप्टेड’ आला का?

आत आल्यावर कोण कोण झालं

लॉगिन ‘डिप्लॉय’चं, मग सूडोने रूट, मग ‘एसयू’ने आणखी कोणी (दोन्ही दुसऱ्या खात्याचे अधिकार घेणाऱ्या कमांड). दोन उड्यांनंतर मूळ माणूस हरवतो. लिनक्स कर्नल यासाठी प्रत्येक प्रोसेसबरोबर लॉगिनयूआयडी बाळगतं. लॉगिनच्या वेळी पॅम तो ठरवतं आणि नंतर सूडो किंवा ‘एसयू’ केलं तरी तो तसाच राहतो. तुमचा स्वतःचा पाहायचा तर ‘कॅट /प्रॉक/सेल्फ/लॉगिनयूआयडी’; रूट झाल्यावरही तोच आकडा दिसेल. ४२९४९६७२९५ दिसला तर तो ठरलेलाच नाही, म्हणजे ती प्रोसेस कोणाच्या लॉगिनमधून आलेली नाही. बूटबरोबर सुरू झालेल्या सेवांची प्रोसेस अशीच असते.

ऑडिटडी (कर्नलकडून आलेल्या सुरक्षेच्या घटना नोंदवणारा प्रोग्रॅम) चालू असेल तर ‘एयूसर्च -यूएल’ला तो आकडा देऊन त्या माणसाच्या सगळ्या घटना काढता येतात. प्रत्येक कमांड नोंदवायचा मोह टाळा. कामाच्या सर्व्हरवर डिस्क भरते आणि वाचायला कोणालाच सवड नसते. त्याऐवजी ऑथराइज्ड_कीज फाइली, /ईटीसी/पासडब्ल्यूडी, /ईटीसी/शॅडो आणि एसएसएचडीचं सेटिंग यांच्यावर लिहिण्या-बदलण्यापुरती पाळत ठेवा. कमी ओळी येतात आणि आलेली जवळजवळ प्रत्येक ओळ वाचण्यालायक असते.

नोंद दुसऱ्या मशीनवर

ज्याला रूट मिळालं त्याला वरची प्रत्येक फाइल पुसता येते. डब्ल्यूटीएमपीतून एक नोंद शून्यांनी भरून टाकणारी साधनं जुनी आहेत. ‘यूटीएमपीडम्प’ने फाइल उलगडली की १९७० ची तारीख असलेली रिकामी नोंद दिसते, आणि ६४ बिटांच्या इंटेल-एएमडी लिनक्सवर फाइलचा आकार ३८४ च्या पटीत नसेल तरी संशय घ्यावा. पण हुशार माणूस एवढंही ठेवत नाही.

उपाय जुनाच आहे. १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल यांना संगणकाच्या हिशोबात ७५ सेंटची तफावत सापडली आणि तिचा माग काढत ते जर्मनीतल्या घुसखोरापर्यंत पोहोचले. येणाऱ्या लाइनींवर त्यांनी प्रिंटर लावले होते. घुसखोराने संगणकावर काहीही पुसलं तरी कागद त्याच्या हाताबाहेर होता. आज प्रिंटरची जागा लॉग सर्व्हरने घेतली आहे. आरसिसलॉगमध्ये ‘ऑथ,ऑथप्रिव्ह.*’ पुढे दोन ॲट चिन्हं आणि लॉग सर्व्हरचा पत्ता लिहिला की नोंदी टीसीपीने जातात. एकच चिन्ह असेल तर यूडीपी, आणि त्यात ओळी गळतात. इंटरनेटवरून पाठवायच्या असतील तर टीएलएस हवंच. त्या लॉग सर्व्हरची रूट चावी इतर सर्व्हरवर ठेवू नका, नाहीतर सगळाच खटाटोप वाया.

आणि घड्याळं. सगळीकडे क्रोनी किंवा नेटवर्कवरून वेळ जुळवणारं दुसरं एनटीपी चालू ठेवा आणि शक्य तर सर्व सर्व्हर यूटीसीवर. जुन्या धाटणीच्या सिसलॉगमध्ये सालही नसतं आणि टाइमझोनही. डिसेंबर-जानेवारीच्या नोंदी एकत्र लावताना त्याची किंमत कळते.

लॉगिन होताच निरोप

मोजकीच माणसं वापरतात अशा सर्व्हरवर प्रत्येक लॉगिनचा निरोप यावा. यासाठी ‘प्रोफाइल’ फाइलमध्ये स्क्रिप्ट घालू नका. बिनटर्मिनलचं सेशन ती वाचेलच असं नाही. जागा आहे /ईटीसी/पॅम.डी/एसएसएचडी. तिथे सेशनच्या ओळींत पॅम_एक्झेक लावा, स्क्रिप्टचा पूर्ण मार्ग द्या, आणि प्रकार ‘ऑप्शनल’च ठेवा. ‘रिक्वायर्ड’ लिहिलंत आणि निरोप पाठवणारी सेवा बंद पडली, तर सगळे सर्व्हरबाहेर अडकतील. स्क्रिप्टला पॅम_यूजर, पॅम_आरहोस्ट आणि पॅम_टाइप हे व्हेरिएबल मिळतात. टाइप ‘ओपन_सेशन’ असेल तेव्हाच निरोप पाठवा, नाहीतर प्रत्येक लॉगिनमागे दोन येतील. दिवसाला शेकडो लॉगिन करणारी ऑटोमेशनची खाती वगळा, पण खात्याच्या नावाबरोबर त्यांचा ठरलेला आयपीही जुळतो का ते पाहूनच.

जुळलं नाही तर

समजा ‘लॉगिनसीटीएल’मध्ये अनोळखी सेशन आहे. पहिली प्रतिक्रिया रीबूटची असते आणि तीच टाळायची. आधी ‘एसएस’, ‘पीएस’ आणि सेशन-स्टेटसचं आउटपुट दुसऱ्या मशीनवर उतरवून घ्या. मेमरीतलं जर्नल असेल तर तेही. मग मार्ग बंद करा. इथे दोन समज माणसाला गोत्यात आणतात. ‘पासडब्ल्यूडी -एल’ने खातं लॉक केलं तरी चावीने लॉगिन चालूच राहू शकतं, खात्याची मुदत संपवा, ‘यूजरमॉड’ला एक्सपायरीची तारीख १ देऊन. आणि ऑथराइज्ड_कीजमधून चावी काढली तरी आधीपासून जोडलेलं सेशन तुटत नाही, ते ‘लॉगिनसीटीएल टर्मिनेट-सेशन’ने तोडावं लागतं. त्यानंतर त्या खात्याचे क्रॉनटॅब (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं), ‘ॲट’ची कामं आणि यूजरच्या सिस्टमडी सेवा तपासा. आणि लॉगमधला तो चावीचा ठसा घेऊन बाकीच्या प्रत्येक सर्व्हरच्या ऑथराइज्ड_कीजमध्येही शोध घ्या.